चार हात जमीन

जिना उतरताना श्रद्धाच्या बुटाखाली काहीतरी करकन फुटलं. आवाज एवढासाच, भाजलेला पापड मोडल्यासारखा, पण त्याच्यामागून जे मऊ, ओलं काहीतरी तळाला घसरलं त्यानं तिच्या अंगावर शहारा आला. तिनं खाली बघितलं नाही. बघायची गरजच काय होती? श्रावण लागला की टिळकवाडीतल्या या जुन्या अपार्टमेंटच्या जिन्यावर गोगलगाई चढून येतात, ओल्या भिंतींना चिकटून बसतात, हे तिला दोन पावसाळ्यांत पाठ झालं होतं. रोज सकाळी ती मोबाईलचा उजेड पाडत, एकेका पायरीवर पाय कुठं ठेवायचा ते ठरवत उतरायची. तळमजल्यावरच्या जयाबाई दारात दूध घेता घेता हसायच्या, "काय गं बाई, माप ओलांडाय लागलीस व्हय रोज?" आज मात्र ती मान ताठ ठेवून, समोरच्या भिंतीवरच्या मीटरच्या पेट्यांकडं बघत उतरली होती. कारण विमान शिकवणाऱ्या सरांनी तसं सांगितलं होतं. उडायच्या दिवशी घरापासूनच मान वर करून चाल म्हणाले होते, रस्त्यावर, बाजारात, जिन्यावर, सगळीकडं. गोगलगाईंचं काय करायचं ते सर बोलले नव्हते, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

स्कूटर चालू केली तेव्हा ओठ आपोआप हलायला लागले. णमो अरिहंताणं. हातून जीव गेला की नऊ वेळा णमोकार म्हणायचा, ही घरची रीत. तिसऱ्या खेपेला ती थांबली. जाणूनबुजून मान वर ठेवायची, जाणूनबुजून पाय टाकायचा आणि मग तोंडानं णमोकार म्हणायचा, हे काही बरोबर नाही. त्यापेक्षा गप्प बसावं. गोगलगाईच्या कवचाचा एक तुकडा बुटाच्या तळाच्या खाचेत रुतला होता. फूटबोर्डवर पाय ठेवला की तो टोचल्यासारखा लागायचा. रेल्वे गेटपाशी गाडी जायची वाट बघत पाच मिनिटं उभी होती, तेवढ्यात काठीनं काढून टाकता आला असता. पण काढायचा म्हणजे बघायला लागणार. राहू दे तिथंच. लागू दे, असं ती रागानं म्हणाली, आणि राग कुणावर ते तिचं तिलाही कळेना.

सांबऱ्याच्या विमानतळाच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना भाताची आणि सोयाबीनची रानं, आणि त्यांच्यावर उतरलेलं आभाळ. पंधरा दिवस झड लागली होती, कालपासून उघडीप होती. म्हणजे आज उडायला मिळणार. म्हणजे आज निकाल. विमान वर न्यायला श्रद्धाला पहिल्या आठवड्यात जमलं होतं. वळवायला जमलं, सरळ धरायला जमलं, सगळं यंत्र बंद पडल्याचं सोंग करून सर आरडाओरडा करायचे तेव्हाही ती घाबरली नव्हती. घोडं अडलं ते उतरताना. जमीन जवळ आली की नाक हळूच वर उचलायचं, वेग मरू द्यायचा, विमानाला आपण होऊन खाली बसू द्यायचं. आणि हे सगळं करताना डोळे धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला लावायचे. लांब बघितलं तरच आपण जमिनीपासून किती उंच आहोत हे कळतं. जवळ बघितलं की जमीन अंगावर धावून येते, माणूस दचकतो आणि हातातलं सुकाणूचं चाक जोरात ओढतो. मग विमान वर उसळतं, तिथं त्याचा जीव जातो आणि ते धाडकन खाली आदळतं. श्रद्धाचं विमान रोज आदळायचं. तिच्या मागून आलेली पोरं एकेकटी उडून आली, रिवाजानं बादल्यांनी भिजवली गेली, पेढे वाटून झाले. तिचं आदळणं काही थांबेना. झड लागली त्याच सकाळी एवढ्या जोरात आदळलं की मेकॅनिकनं चाकाखाली वाकून बराच वेळ टॉर्च मारला. त्या दिवशी दिग्विजय सरांनी तिला बाजूला घेतलं. सर मूळचे नंदगडचे, निम्मं आयुष्य विमानात काढलेले, आवाज फाटका. "हे बघ श्रद्धा, मी गोड बोलणार न्हाय. उघडीप मिळाली की एक दिवस तुझा. त्या दिवशी उतरवलंस तर तुला एकटी सोडतो. न्हाय उतरवलंस तर मला वर सांगावं लागंल, ह्या पोरीच्यानं हुईत न्हाय. मग घरी जायचं." आणि मग डोकं खाजवत म्हणाले होते, "अगं, काय हरवलंय व्हय तुझं खाली? सारखी नाकापुढची जमीन काय बघतीस? कोण शिकवलं तुला हे?"

शिकवलं होतं ते आईनं. निपाणीजवळच्या त्यांच्या गावात घरापासून बस्तीपर्यंतचा, जैन मंदिरापर्यंतचा रस्ता, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेला, आणि त्या रस्त्यानं आईचं बोट धरून जायचं. आईचा आवाज वरून यायचा, "बघून चाल. चार हात म्होरं बघायचं, त्येच्या पल्याड न्हाय अन् अल्याड न्हाय." मुनींचा नियम तो, पण आईनं, म्हणजे तारामतीनं, तो घरात आणला होता. चार हातांच्या आतच मुंगी दिसते, गोम दिसते, वेटोळं घातलेला पैसा किडा दिसतो. लांब बघणाऱ्याला गावं दिसतात, डोंगर दिसतात, पायाखालचं काही दिसत नाही. लहानग्या श्रद्धाला तो खेळ वाटायचा. रांग आली की उडी. किडा आला की वळसा. शाळेत पोरी आभाळातल्या विमानाकडं बोट करायच्या तेव्हा ही खाली बघत असायची, आणि तरीही विमानाचं वेड लागलं ते तिलाच. आता ह्याला काय म्हणायचं? आईला सांगितलं तेव्हा विहिरीवर गाळलेल्या पाण्याचं फडकं उलटं करून, त्यात अडकलेले जीव पुन्हा विहिरीत सोडता सोडता ती म्हणाली होती, "हवेत बी जीव असत्यात गं." एवढंच. जाऊ नको म्हणाली नाही. आप्पा म्हणाले, जाऊ दे तिला. जिनाप्पा म्हणजे तिचे आप्पा, तंबाखू आणि ऊस पिकवणारे, कमी बोलणारे. बायको दीक्षा घेते म्हणाली तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, जाऊ दे तिला.

दीक्षेचा मांडव, वाजंत्री, हत्ती सुद्धा आणला होता कुठूनतरी. आईनं स्वतःच्या हातानं केस उपटले, मूठ मूठ, आणि बायका जयजयकार करत होत्या. श्रद्धा समोर बसली होती. प्रत्येक मुठीला श्रद्धाच्या डोक्याची कातडी ओढली जात होती. संध्याकाळपर्यंत आईचं नाव बदललं. आता तिला आई म्हणायचं नाही, माताजी म्हणायचं, पाया पडताना वंदामि म्हणायचं, आणि ती आशीर्वाद देणार तो सगळ्यांना देते तसाच, मोरपिसांची पिंछी उचलून. गेल्या श्रावणात चिकोडीकडच्या एका गावात माताजींचा चातुर्मास होता. श्रद्धा दर्शनाला गेली. नुकती चार-सहा वेळा उडाली होती, अंगात नुसता उत्साह मावत नव्हता. बायकांच्या गर्दीत बसून तिनं, त्यांच्याकडच्या बायका आलो-गेलोच म्हणतात तशा बोलीत, सांगितलं, "माताजी, मी विमान चालवाय लागलोय. वर न्ह्याला येतंय, अजून उतरवाय येत न्हाय." सगळ्या बायका हसल्या. माताजी हसल्या नाहीत. डोळे जमिनीवरून उचलून त्यांनी तिच्याकडं बघितलं, आईसारखं, अगदी एक क्षण, आणि म्हणाल्या, "सावकाश उतर. बघून उतर." ते तिनं जपून आणलं. दुसरं काही आणण्यासारखं मिळालंच नव्हतं.

दिवाळी झाली, चातुर्मास संपला, विहार म्हणजे गावोगाव पायी फिरणं सुरू झालं. स्तवनिधीहून निपाणीकडं येताना हायवेच्या कडेनं पाच-सहा जण चालत होते. ऊन नुकतं पडलं होतं. पुढं झेंडा घेऊन आण्णाप्पा, त्यांच्याच भावकीतला. मागून टेम्पो आला. आण्णाप्पानं नंतर आप्पांना सांगितलं ते श्रद्धानं दाराआडून ऐकलं. "हॉर्न दिलता त्येनं, जिनाप्पाण्णा. लांबनंच दिलता. आमी समदी कडंला झालो. कडंला मुंग्यांची रांग हुती. ती चुकवाय म्हणून माताजी डांबरावर आल्या. म्या वरडलो. त्येनी मान वर न्हाय केली. शेवटपतोर न्हाय केली बघा." गाव लोटलं. जो तो हात जोडून म्हणायचा, व्रत पाळता पाळता गेल्या, असं मरण कुणाला मिळतं, केवढं भाग्य! श्रद्धाला वाटायचं एकेकाच्या थोबाडीत द्यावी. भाग्य कसलं? चार हात पलीकडं बघितलं असतं तर टेम्पो दिसला असता. एवढा निळा टेम्पो, डोंगराएवढा, हॉर्न वाजवत आलेला, आणि तिला मुंग्या दिसल्या. मुंग्या वाचल्या. पोरगी वाचली नाही, नवरा वाचला नाही, ते कुणाच्या हिशेबात नाही. तिसऱ्या दिवशी ती आप्पांना घेऊन त्या जागी गेली. डांबर धुतलेलं होतं, कडेला कुणीतरी फुलं ठेवली होती, आणि मुंग्यांची रांग तशीच चालू होती. गवतातून येत होती, फुलांच्या खालून जात होती. श्रद्धानं पाय उचलला. सगळा जीव त्या टाचेत गोळा झाला. आप्पा हळूच म्हणाले, "नगं गं." पण ते म्हणाले म्हणून नव्हे, पाय खाली येईचना. हवेत तसाच राहिला, आणि मग रांगेच्या पलीकडं पडला. रांग चुकवून, बघून. त्या क्षणी तिला कळलं की आई गेली नाही, आपल्या मानेत येऊन बसली आहे. तीन-चार महिन्यांनी ती पुन्हा विमानात बसली, आणि जमीन जवळ आली की मान खाली वळायला लागली.

विमानांच्या शेडसमोर सर कपाळावर चष्मा चढवून उभे होते. पलीकडं गुंडू जीपच्या टपावर फटाक्यांचा खोका बांधत होता. धावपट्टीवर बसलेली पाखरं हुसकायची आणि नाही उडाली ती नंतर गोणीत भरून आणायची, हे त्याचं काम. "आज टिटव्या लई हाईत बघा सायेब," तो म्हणाला. "ऊन पडलंय न्हवं, समद्या डांबरावर शेकाय बसल्यात." श्रद्धानं विमानाभोवती फिरून सगळं तपासलं, चाकं, पंख, तेल, आणि आत बसली. दोन सीटचं विमान, शेजारी सर, त्यांच्या शर्टाला तंबाखूचा वास, घरच्यासारखा. पायाखालच्या पेडलवर बूट ठेवले आणि कवचाचा तुकडा टोचला. विसरलीस वाटतं मला, असं कुणी विचारल्यासारखा.

पहिली उतरण आदळली. सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. दुसऱ्या खेपेला जमीन वर येऊ लागली आणि सरांनी डाव्या हातानं तिच्या हनुवटीला खालून बोट लावलं, लहान पोराचं तोंड वर करावं तसं, आणि धरून ठेवलं. "तिकडं बघ. ती निलगिरीची झाडं दिसत्यात? त्येच्या शेंड्याकडं बघ. खाली मेलं काय बी असू दे." बोट होतं तोवर मान वळली नाही. झाडं मोठी झाली, त्यांच्या फांद्या सुट्या दिसायला लागल्या, आणि केव्हातरी चाकं टेकली; टेकली हे तिला आवाज आल्यावर कळलं. तिसऱ्या खेपेला सरांनी बोट काढून घेतलं. मान थरथरली, पण राहिली. बरं उतरलं. मग त्यांनी विमान कडेला थांबवायला सांगितलं, इंजिन चालूच, आपला पट्टा सोडला, मोकळ्या सीटवर तो नीट बांधून ठेवला आणि दार उघडलं. पंख्याच्या वाऱ्यात ओरडून म्हणाले, "एक चक्कर. एकटी. माझं वजन न्हाय, तवा जरा जास्त तरंगंल, भिऊ नको. बोट लावाय मी न्हाय आता. कळलं?" तिनं नुसती मान हलवली.

एकटी वर गेली तेव्हा विमान सुटल्यासारखं उठलं. खाली सांबरा, भाताची हिरवी खाचरं, त्यात साठलेल्या पाण्यावर लकाकणारं ऊन, पश्चिमेला ढगांत बुडालेले डोंगर. शेजारची सीट रिकामी होती आणि तिला सारखं वाटत होतं की तिथं कुणीतरी पांढरी साडी आवरून बसलं आहे, पाय वर घेऊन, डोळे खाली लावून. वळली, परत वळली, धावपट्टी समोर आली. सगळं व्यवस्थित. वेग बरोबर, उंची बरोबर. आणि मग धावपट्टीच्या सुरुवातीच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या थोडं पुढं, डावीकडं, तिला तो ठिपका दिसला. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. तिला दिसला, कारण तिचे डोळे त्यासाठीच तयार केलेले होते. टिटवी. एकटी, डांबरावर, मान खांद्यात घालून बसलेली. सर म्हणायचे, टिटवी उडते गं, शेवटच्या घटकेला उडतेच, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतंय. आणि असंही म्हणायचे की मनात शंका आली तर उतरू नये, पुन्हा वर जावं, त्यात लाज नाही. तिचा हात थ्रॉटलवर होता. नुसता पुढं ढकलायचा. इंजिन गरजेल, विमान वर जाईल, टिटवी बसल्या जागी बसेल. पण झड लागायच्या आधी ती अशी किती वेळा वर गेली होती! कधी वारा, कधी बगळा, कधी कुत्रं. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, आणि प्रत्येक वेळी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. आज वर गेली तर परत येताना हीच मान, हीच जमीन. खाली सर उभे होते. घरी आप्पा देवापुढं बसले असतील, विचारायचं धाडस न होऊन.

पट्टे मोठे झाले. टिटवीची चोच दिसली, डोळ्याजवळचा तांबडा ठिपका दिसला, इतकं लख्ख की ते पाखरू आपल्याकडं बघतंय असं तिला वाटलं. मान खाली ओढली जात होती. मानेमागं कुणाचा तरी हात होता, उबदार, ओळखीचा, आणि तो म्हणत होता बघून, बघून. तिला एकदम संताप आला. तू वर बघायचं होतंस. एकदा. एकदा मान वर केली असतीस तर काय झालं असतं? चार मुंग्या मेल्या असत्या. मी असतो की नऊ वेळा म्हणायला. मी तुझ्यासाठी जन्मभर म्हणालो असतो. "हे बघ," ती मोठ्यानं म्हणाली, रिकाम्या सीटला, "हे असं बघायचं असतंय." आणि तिनं डोळे उचलले. निलगिरीची झाडं. शेंडे. शेंड्यांवरचं ऊन. जमीन कडेनं वर आली, पसरली, तिनं नाक हलकेच उचललं, विमान तरंगलं, तरंगत राहिलं, आणि मग बसलं. एवढं अलगद की सरांच्या बोटानंही कधी बसलं नव्हतं. त्या बसण्याच्या जरा आधी, डाव्या चाकाकडून, टक्‌ असा एक बारीक आवाज आला होता. पेडलवरचा तिचा पाय दाबला गेला आणि कवचाचा तुकडा तळव्यापर्यंत लागला. तिनं झाडांवरचे डोळे काढले नाहीत.

शेडसमोर पोरं बादल्या घेऊन तयारच होती. पहिल्यांदा एकट्यानं उडून आलेल्याला भिजवायचं, अशी तिथली पद्धत. पत्र्यावरून ड्रममध्ये साठलेलं पावसाचं पाणी, त्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या. एक बादली, दुसरी, तिसरी. केस गालाला चिकटले, नाकातोंडात पाणी गेलं. घरी पाणी दोनपदरी फडक्यातून गाळून घेतात. सर लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते. "अशी उतरली की लोण्यात सुरी! कुठं बघत हुतीस गं?" ती म्हणाली, "लांब, सर." ते म्हणाले, "शाब्बास. झालं तुझं. आता सुटलीस." कुणीतरी तिचा मोबाईल आणून दिला, तो वाजत होता. आप्पा. ओल्या हातानं तिनं तो कानाला लावला.

तिची मान वरच होती. आता ती आपण होऊन वर राहत होती, त्यासाठी काही करावं लागत नव्हतं. त्यामुळंच तिला धावपट्टीचं, ती उतरली होती तिकडचं, पार पलीकडचं टोक स्वच्छ दिसलं. पांढऱ्या पट्ट्यांच्या थोडं पुढं गुंडूची जीप थांबली होती. गुंडू खाली उतरला, डावीकडं चालत गेला, वाकला. पंखाला धरून काहीतरी उचललं. पंख लोंबत उघडला, आतून पांढरा. गुंडूनं ते गोणीत टाकलं आणि इकडं बघून, पोरांचा गलका ऐकून, हसत हात हलवला.

"उतरलीस का गं?" आप्पा विचारत होते. "उतरलीस न्हवं एकटी?"

"उतरलो, आप्पा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं बाई. लई बरं झालं. तिनं सांगितलंतं तसं, बघून उतरलीस न्हवं?"

गुंडूनं गोणीचं तोंड बांधलं, ती जीपमध्ये टाकली आणि हात पँटला पुसले.

"व्हय आप्पा," श्रद्धा म्हणाली. "बघूनच उतरलो."